मारकुटा कोंबडा: अंगावर का येतो आणि काय करावे?

परसातील कोंबड्यांमध्ये एखादा कोंबडा अचानक माणसांच्या अंगावर धावून येऊ लागतो. कालपर्यंत हातातून दाणे खाणारा हा कोंबडा आज अंगण झाडणाऱ्या बाईच्या पोटऱ्यांवर झेप घेतो. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अनेक घरी पाच-दहा कोंबड्या मोकळ्या सोडून पाळल्या जातात. अशा घरांत हा प्रश्न नेहमी येतो. मोठ्या माणसाला ओरखडे पडतात, पण लहान मुलाचा चेहरा कोंबड्याच्या उडीच्या टप्प्यात असतो आणि डोळ्याला इजा होऊ शकते. म्हणून ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये.

असे का होते?

कोंबड्यांच्या कळपात मानाची उतरंड असते. कोणी कोणाला टोचायचे हे ठरलेले असते. नॉर्वेचे संशोधक थॉर्लीफ श्येल्डरूप-एब यांनी 1920च्या दशकाच्या सुरुवातीला ही उतरंड प्रथम शास्त्रीय पद्धतीने मांडली. नर साधारण पाच-सहा महिन्यांचा झाला की नर-संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि तो या उतरंडीत आपली जागा शोधू लागतो. रोज कळपात वावरणारा माणूसही त्याला प्रतिस्पर्धी वाटू शकतो.

लहानपणी फार लाडावलेल्या नराला माणसाची भीती उरत नाही. मुलांनी काठीने डिवचलेला कोंबडा पुढे डूख धरल्यासारखा वागतो. वंशाचाही भाग असतो. असील ही जात मुळातच लढाऊ आहे, त्यामुळे असीलच्या संकरातही ही खोड उतरू शकते.

नर जास्त झाले की भांडणे वाढतात

राज्यात पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत. परसासाठी घेतलेली एक दिवसाची पिल्ले बहुधा नर-मादी न निवडता मिळतात. त्यात साधारण निम्मे नर निघतात. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. नर जास्त असले की ते आपसात भांडतात आणि माद्यांना सारखे छळतात. कोंबडीच्या पाठीवरची पिसे झडून कातडी उघडी पडली, तर नर जास्त झाल्याची ती खूण समजावी.

फक्त खायला अंडी हवी असतील तर कोंबड्याची गरजच नसते. कोंबडा नसला तरी कोंबड्या अंडी देतात, मात्र त्यांतून पिल्ले निघत नाहीत.

हल्ल्याआधीच्या खुणा

मानेची पिसे फुलवणे, एक पंख खाली सोडून तिरके चालणे, जमिनीवर उगाच चोच मारणे आणि टक लावून पाहणे या खुणा दिसल्या की सावध व्हावे.

काय करावे?

- पळू नये. पळणाऱ्याचा पाठलाग होतो आणि कोंबड्याला आपण जिंकलो असे वाटते.
- लाथ किंवा काठी मारू नये. कोंबडा ती झुंज समजतो आणि पुन्हा येतो.
- जागेवर ठाम उभे राहावे. हातात टोपली किंवा पत्र्याचे झाकण ढालीसारखे धरावे.
- संध्याकाळी खुराड्यात तो शांत असताना त्याला उचलावे. पंख दाबून काखेत धरावे आणि अंग सैल सोडेपर्यंत तसेच ठेवावे. असे काही दिवस रोज करावे. पाय धरून उलटे लटकवू नये.
- पायाच्या मागचा टोकदार काटा कानशीने बोथट करावा. फक्त टोकच घासावे, कारण आतला भाग जिवंत असतो आणि त्यातून रक्त येते.
- खाण्यापिण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात सावली आणि पाणी एकाच कोपऱ्यात असेल तर तिथे भांडणे जुंपतात.
- रक्त आलेला पक्षी लगेच वेगळा करावा. रक्त दिसले की बाकीचे पक्षी त्याच जागी टोचतात.

माणसाला जखम झाली तर

जखम साबण आणि वाहत्या पाण्याने चांगली धुवावी. काट्याची जखम वरून लहान दिसली तरी खोल असते, म्हणून धनुर्वाताच्या इंजेक्शनबाबत डॉक्टरांना विचारावे. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे, त्यामुळे कोंबड्याच्या टोचण्याने तो होण्याची भीती नसते. डोळ्याजवळ लागल्यास घरगुती उपाय न करता थेट दवाखान्यात जावे.

सुधारला नाही तर

काही आठवड्यांत फरक पडला नाही आणि घरात लहान मुले असतील, तर तो कोंबडा ठेवू नये. विकताना त्याची खोड घेणाऱ्याला सांगावी. बहुतेक घरी असा कोंबडा शेवटी कापलाच जातो. झुंजीसाठी मात्र तो कोणाला देऊ नये. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 नुसार प्राण्यांच्या झुंजी लावणे गुन्हा आहे.

मारकुट्या नराची अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवू नयेत, नाहीतर तोच स्वभाव पुढच्या पिढीत येऊ शकतो. नर काढल्यावरही त्याचे बीज कोंबडीच्या शरीरात दोन-तीन आठवडे टिकते. म्हणून नवा कोंबडा आणल्यावर सुमारे तीन आठवड्यांनीच उबवणीसाठी अंडी निवडावीत.