गुमटाची थाप, गिटारची धून

कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या नंदिगड्ड्यात आमच्या वाड्यावर शिगम्याला गुमट वाजतं, तेव्हा आजोबा, बाप आणि नातू एकाच मेळात उभे असतात. रॉक बँड पिढ्यान् पिढ्या का टिकतात, हे मला या मेळानं शिकवलं.

गुमट म्हणजे दोन्ही तोंडं उघडी असलेलं मातीचं भांडं. मोठ्या तोंडावर कातडं ताणून दोरीनं आवळायचं, लहान तोंड मोकळं ठेवायचं. उजव्या हातानं थाप मारताना डावा पंजा ते तोंड झाकत-उघडत राहतो, म्हणून आवाज घुमतो. पोराच्या हाती पहिल्यांदा गुमट देत नाहीत, आधी कासाळं, म्हणजे झांजा. ताल अंगात मुरला की मग एखादा थोरला दमल्यावर गुमट त्याच्या गळ्यात येतं.

गोव्याहून घाट चढून आलेल्या कुणब्यांनी हे वाद्य जोयड्याच्या रानात आणलं, असं जुनी माणसं सांगतात. पलीकडे गोव्यात देवळातली आरती गुमटावर होते आणि ख्रिस्ती घरातलं मांडो हे गाणंही गुमटावरच. पूर्वी कातडं घोरपडीचं असे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते थांबवलं, ते योग्यच झालं. बकऱ्याच्या कातड्याला तो नाद नाही, अशी कुरकुर अजून ऐकू येते. पण वादन काही थांबलं नाही. 2019 साली गोवा सरकारनं गुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं.

रॉक बँडचंही असंच. एसी/डीसीचा गायक बॉन स्कॉट 1980च्या फेब्रुवारीत गेला. जुलैत ब्रायन जॉन्सनचा आवाज घेऊन ‘बॅक इन ब्लॅक’ आला आणि जगभर खपला. कातडं बदललं, थाप तीच. 1975 साली लंडनमध्ये सुरू झालेला आयर्न मेडन 2007च्या मार्चमध्ये बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आला, तेव्हा मी गर्दीत होतो. गाणी निघाली तेव्हा जन्मलीही नव्हती अशी पोरं नुसते शब्दच नव्हे, गिटारची धूनसुद्धा गळ्यानं गात होती. आमच्या मेळातही एकानं ओळ सोडायची आणि बाकीच्यांनी झेलायची. गाण्याचा अर्धा भाग असा दुसऱ्यांसाठी राखलेला असतो, म्हणून नवी पिढी त्यात शिरते.

डीजेच्या स्पीकरांच्या भिंतीपुढे मात्र गाणाऱ्याला जागाच उरत नाही. म्हणून वाड्यावाड्यावरच्या जाणत्यांना माझी विनंती आहे: यंदा मेळ निघेल तेव्हा शाळकरी पोरापोरींना कडेला बघत उभं करू नका, कासाळं त्यांच्या हाती द्या.