कँटनी गीतातील शब्द आणि सूर

दक्षिण चीनमधील कँटनी भाषेत शब्दाचा अर्थ उच्चाराच्या चढउतारावरही अवलंबून असतो. ‘सी’ हा एकच उच्चार सहा सुरांत केला असता काव्य, इतिहास, प्रयत्न, काळ, बाजार आणि बाब असे सहा निरनिराळे अर्थ निघतात. अशा भाषेत गीत रचावयाचे म्हणजे कवीला केवढा जाच! ‘प्रभू’ आणि ‘डुक्कर’ या शब्दांतही भेद केवळ सुराचा. त्यामुळे परकीय चालींवर बसविलेल्या ख्रिस्ती भजनांतून भलताच अर्थ ऐकू येई, असे सांगतात. उत्तरेकडील मँडरिन भाषेतही सूर आहेत. परंतु तेथील गीतकार गाण्यात त्यांची फारशी तमा बाळगीत नाहीत. कँटनी श्रोत्याचा कान ही सवलत देत नाही.

म्हणून हाँगकाँगात बहुधा आधी चाल, मागाहून शब्द. या कामास चिनी भाषेत ‘शब्द भरणे’ असेच नाव आहे. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या माथ्यावर चाल छापलेली असे. पण आमच्या नाटककाराचे मात्रा जुळल्या की भागे. कँटनी गीतकारास प्रत्येक अक्षराची उंची जुळवावी लागते.

असे असूनही १९५० नंतरची दोन दशके या कँटनी बोलणाऱ्या शहरात प्रतिष्ठा होती ती शांघायहून आलेल्या मँडरिन गीतांस आणि तरुणांत इंग्रजी गाण्यांस. १९७४ साली पारडे फिरले. जोसेफ कू यांनी चाल दिलेले एका दूरचित्रवाणी मालिकेचे कँटनी गीत घरोघर पोहोचले. पूर्वी इंग्रजी गाणाऱ्या सॅम हुई यांनी चित्रपटासाठी रस्त्यावरची बोली गाण्यात आणली. त्याच वर्षी सरकारने चिनी भाषेस राजभाषेचा दर्जा दिला. तथापि कायद्यापेक्षा दूरचित्रवाणीचे श्रेय मला अधिक वाटते.

गंमत अशी की, बहुतेक गीते बोलीत नव्हतीच. शब्द उत्तरेच्या वळणाच्या ग्रंथिक चिनीतले, उच्चार मात्र कँटनी. जेम्स वाँग यांनी लिहिलेले आणि रोमन टाम यांनी गायिलेले १९७९ चे ‘सिंहशिलेच्या पायथ्याशी’ हे गीत, जे पुढे त्या शहराचे जणू स्वतःचे गीत ठरले, तेही याच ग्रंथिक वळणाचे. गाण्याने कँटनीला कंठ दिला, लेखणी दिली नाही.

पुढे मँडरिनची बाजारपेठ वाढली, तेव्हा गायक त्याच चालींवर मँडरिन गीते ध्वनिमुद्रित करू लागले. कागदावरची कँटनी गीताची अक्षरे बीजिंगच्या वाचकास सहज कळत. पण त्याच्या उच्चारात ती म्हटली की यमके मोडत आणि सूर चालीशी जुळेनासे होत. तेव्हा चाल तेवढी उत्तरेस जाई, आणि शब्द नव्याने भरावे लागत.