आबकारीपासून समुपदेशनापर्यंत

निजामाच्या अमदानीत परभणी हा हैदराबाद संस्थानाचा जिल्हा असताना, शिंदी आणि दारूचे मक्ते लिलावाने देऊन आबकारी खाते सरकारी खजिन्यात जी भर घाली तिचा हिशेब काटेकोर राही. परंतु त्याच मद्याने उद्ध्वस्त झालेल्या संसारांसाठी त्या दफ्तरात रकाना नव्हता. व्यसन हे महसुलाचे साधन, फार तर पाप मानले जाई, रोग नव्हे.

१९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १९५८ मध्ये औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ निघाले. मुंबईत समाजकार्याचे शिक्षण टाटांच्या संस्थेत १९३६ पासूनच चालू होते. तथापि व्यसनी मनुष्य हा तिरस्काराचा नव्हे, उपचाराचा अधिकारी आहे, ही दृष्टी मराठी समाजात खोलवर रुजविण्याचे श्रेय, माझ्या मते, १९८६ मध्ये पुण्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभारणाऱ्या डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट या दांपत्याकडे जाते.

आज नांदेडच्या विद्यापीठाशी संलग्न असलेल्या परभणीच्या महाविद्यालयांतून व्यसनमुक्ती समुपदेशनाच्या मार्गाने जाऊ इच्छिणाऱ्यांनी पदवीला मानसशास्त्र वा समाजशास्त्र घ्यावे, पुढे समाजकार्यात मनोविकारविषयक शाखा निवडावी, आणि व्यसनमुक्ती केंद्रातील प्रत्यक्ष अनुभवास पाठ्यपुस्तकाइतकाच मान द्यावा. पालकांनीही त्यांना अडवू नये.