रोल संपला, भिंग उरले

डिजिटल कॅमेरा आला आणि फिल्मच्या जमान्यातली सगळी सामग्री भंगारात गेली, असे सर्रास मानले जाते. बॉडी निकामी ठरल्या, हे खरेच. पण कोणत्या लेन्स तगल्या आणि कोणत्या कपाटात पडून राहिल्या, याचा निकाल सेन्सरने लावला नाही. तो लावला माउंटने, म्हणजे लेन्स बॉडीवर बसवणाऱ्या धातूच्या कड्याने. निकॉनने १९५९ मध्ये आणलेला एफ माउंट पुढेही टिकवला. म्हणूनच १९९१ मध्ये कोडॅकने १.३ मेगापिक्सेलचा पहिला व्यावसायिक डिजिटल एसएलआर बांधला तो निकॉन एफ३च्या बॉडीवर, आणि १९९९ च्या निकॉन डी१वर १९७७ पासूनच्या निकॉनच्या एआय प्रकारच्या लेन्सही चालल्या. कॅननने मात्र १९८७ मध्येच एफडी माउंट सोडून पूर्ण इलेक्ट्रॉनिक ईएफ माउंट आणला. एफडी लेन्सवर पैसे घातलेल्यांची वाट बंद झाली ती तेव्हा; त्यांच्या हातात अजून फिल्मच होती.

यावर आक्षेप असा, की लेन्स बसली म्हणजे ती पूर्वीसारखी चालली असे नाही. डी१चा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान होता, त्यामुळे २४ मिमीची लेन्स ३६ मिमीइतकाच आवाका दाखवी. २००६ च्या निकॉन डी४०मध्ये फोकसची मोटरच नव्हती, म्हणून कित्येक जुन्या ऑटोफोकस लेन्स हाताने फिरवाव्या लागत. शिवाय तिरपा येणारा प्रकाश फिल्म सहज टिपते, सेन्सरला ते अवघड जाते. काही वाइड लेन्सच्या कडा त्यामुळे मलूल दिसतात. या अडचणी खऱ्या आहेत, पण सगळ्या सारख्या नाहीत. लहान सेन्सर ही किमतीची मर्यादा होती. कॅननच्या २००२ च्या १डीएस आणि निकॉनच्या २००७ च्या डी३ने पूर्ण चौकट परत दिली. मोटर वगळणे हा कंपनीचा निर्णय होता. तंत्राच्या खात्यावर खऱ्या अर्थाने उरतो तो फक्त कडांचा दोष.

सर्वांत भक्कम पुरावा मिररलेस कॅमेऱ्याने दिला. एफडी लेन्सला माउंटपासून फिल्मपर्यंत ४२ मिमी अंतर लागते, ईएफ बॉडीत ते ४४ मिमी असते. म्हणून जादा भिंग घातल्याशिवाय तिथे दूरचे दृश्य फोकसमध्ये येतच नसे. मिररलेसमध्ये लेन्समागचा आरसा गेला आणि सोनीच्या २०१० च्या ई माउंटमध्ये हे अंतर १८ मिमीवर आले. उरलेल्या जागेत साधे अडॅप्टर मावले, आणि फिल्मच्या काळात कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या लेन्स दुसऱ्याच कंपनीच्या डिजिटल बॉडीवर पुन्हा चालू लागल्या. ज्या तंत्रावर त्यांना मारल्याचा आरोप होतो, त्यानेच त्यांना परत उभे केले. म्हणून एखादी वस्तू जुनी झाली असे कोणी सांगितले, की ती खरोखर झिजली, की तिच्यासाठीचे दार कोणी मुद्दाम लावून घेतले, हे आधी तपासायला हवे.