रुखवतातल्या बरण्या

रुखवत म्हटले की आज डोळ्यांसमोर मांडणी येते. कार्यालयाच्या एका कडेला लांब टेबल, त्यावर पांढरी चादर, मोत्यांचा कलश, साखरेची बाहुली, सजवलेली सुपारी-हळकुंडे, आणि मागच्या रांगेत रंगीत काहीतरी भरलेल्या काचेच्या बरण्या. शब्दाचा जुना अर्थ मात्र जेवणाचा आहे. मोल्सवर्थच्या कोशात रुखवत म्हणजे वधूपक्षाकडून वराच्या बिऱ्हाडी थाटाने न्यायचे खाद्यपदार्थ. करंज्या, चिरोटे, लाडू, सांजोऱ्या हे रुखवताचे मूळ द्रव्य. खाण्याचे रुखवत पाहण्याचे कसे झाले, याची उत्तरे पुष्कळ वस्तूंत शोधता येतील. मी इथे फक्त बरणी घेतो, आणि तीत काय भरले होते एवढेच विचारतो.

बरणी भरलेलीच का हवी, हे आधी पाहू. आपल्याकडे रिकामे भांडे कुणाच्या हाती देत नाहीत. शेजारणीची वाटी परत करतानाही तीत चिमूटभर साखर टाकतात. लेकीची ओटी भरतात तीही धान्यानेच. लेकीबरोबर जाणारे भांडे भरलेले असावे, हा रुखवताच्या मागचा जुना संकेत आहे. चिनीमातीच्या बरणीत आत लोणचे आहे की काय आहे, ते झाकण उघडल्याशिवाय कळत नसे. भरलेपण बाहेरून दिसावे, यासाठी काच हवी होती, आणि तीही परवडणारी.

ती महाराष्ट्रात लोकवर्गणीतून आली, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावला काच कारखाना निघाला. १९१६ मध्ये ओगले बंधूंचा कारखाना सुरू झाला. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी पोचला आणि काच ही साहेबाच्या घरची वस्तू उरली नाही. पुढे शहरात बरणी विकत घेण्याचीही गरज राहिली नाही. हॉर्लिक्सची, जॅमची, कॉफीची बाटली रिकामी झाली की धुऊन, लेबल भिजवून काढून फळीवर जाई. भंगारवाल्याला ती क्वचितच मिळे.

आता उपनगरांकडे येऊ. मुंबई महापालिकेची हद्द १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपरपर्यंत आली आणि १९५७ मध्ये बोरिवली, मुलुंड तीत सामील झाले. गिरगाव-दादरच्या चाळीत जागा पुरेनाशी झालेली कुटुंबे, कोकणातून आणि देशावरून आलेले कारकून, गिरणी आणि कारखान्यांतले कामगार या पट्ट्यात स्थिरावले. घाटकोपरच्या पंतनगरसारख्या सरकारी वसाहतींत एक खोली आणि स्वयंपाकघर मिळाले तरी लोक सुखावत. अशा घरात लग्न निघाले की रुखवताचे काम दोन-तीन महिने आधी सुरू होई. वस्तू कॉटखाली मावायला हव्यात, लोकलमधून नेता यायला हव्यात, आणि मुख्य म्हणजे टेबल भरायला हवे. टेबल अर्धे रिकामे राहिले तर वरपक्षाच्या बायका काय बोलतील, ही धास्ती वधूच्या आईला पुरीभाजीच्या हिशोबापेक्षा मोठी असे.

टेबल कमी पैशांत भरायचे साधन म्हणजे बरणी. तिच्यात तांबडा मसूर, पिवळी मूगडाळ, हिरवे मूग, पांढरा साबुदाणा असे थर एकावर एक घालत. थर हलू नयेत म्हणून बरणी काठोकाठ भरून झाकणाखाली कापूस दाबत. किडे होऊ नयेत म्हणून तळाशी वाळलेला कडुलिंबाचा पाला. एक लिटरच्या बरणीत मसूर साधारण आठशे ग्रॅम मावतो. म्हणजे पाच बरण्यांना चार किलो धान्य. कुरमुरे भरले तर बरणीला शंभर ग्रॅमही लागत नाहीत, पण मुंबईच्या दमट हवेत ते चार दिवसांत मऊ पडतात आणि रंग दिलेले असतील तर काचेला चिकटतात. रांगोळीचे थर सर्वांत स्वस्त आणि सुबक, पण धक्का लागला की रंग मिसळले. प्रत्येक भरणाचा असा जमाखर्च बायकांना तोंडपाठ होता.

घाटकोपरच्या एका वृद्ध बाईंनी मला त्यांची युक्ती सांगितली. वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करून ती बरणीच्या मधोमध उभी करायची आणि डाळ फक्त सुरळी आणि काच यांच्या मधल्या जागेत ओतायची. निम्म्या धान्यात बरणी भरलेली दिसते. "ही फसवणूक नव्हे का?" असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "अहो, फसवणूक कसली? वरच्यांना दाखवायचं होतं, त्यांना दिसलं. डाळ घरच्यांना खायची होती, ती घरात राहिली."

या उत्तरामागे एक मोठा इतिहास आहे. मुंबईत २ मे १९४३ रोजी धान्याचे रेशनिंग सुरू झाले. साठीच्या दशकाच्या मध्यावर पुन्हा टंचाई आली. १९६५ मध्ये पंतप्रधान शास्त्रींनी सोमवारी एक वेळ जेवण सोडण्याचे आवाहन केले ते त्याच काळात. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांना तांदूळ केवळ शोभेसाठी रंगवणे जिवावर येई. म्हणून बरणीतल्या मालाची एक अलिखित प्रतवारी होती. लग्नानंतर शिजवता येईल ते धान्य पहिले. हळद लावलेली कणी दुसरी, कारण ती धुऊन निदान चिमण्यांना घालता येते. रंग दिलेला साबुदाणा शेवटचा. रुखवत पाहण्याचे झाले तरी त्यातले धान्य अन्नच राहिले, ते याच प्रतवारीमुळे.

पुढे प्रतवारी बदलली. सत्तरी-ऐंशीच्या दशकांत प्लास्टिकचे मणी, टिकल्या, जिलेटिन कागद आणि थर्माकोल बाजारात मुबलक झाले. उपनगरांतील लग्नांचे जुने अल्बम मी पाहत आलो आहे. कृष्णधवल फोटोंत बरणीतले कडधान्य ओळखू येते. रंगीत फोटोंत त्या जागी मणी, लोकरीचे गोंडे, थर्माकोलच्या गोळ्या आणि रंगवलेली पिस्त्याची टरफले दिसू लागतात. बरणी हलकी झाली, टिकाऊ झाली, आणि तीतले काही शिजवता येईनासे झाले.

त्याच फोटोंत बरण्यांशेजारी दुसरी गर्दी वाढते: स्टीलचा डबा-संच, मिक्सर, शिलाई मशीन, कधी फ्रिज. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा. पण रीतीप्रमाणे दिलेल्या भेटींना त्यात वाव राहिला, आणि रुखवत ही रीतच होती. हातच्या वस्तूंचे टेबल मागणीच्या वस्तूंना आडोसा झाले. माझे म्हणणे एवढेच आहे की बरणीने या टेबलावर दोन परस्परविरोधी कामे केली. ज्या घरी देण्यासारखे काही नव्हते, त्या घराची बाजू तिने डाळीच्या थरांवर सावरली. आणि जिथे फ्रिज मागून घेतला होता, तिथे "हे सगळं हौसेचं हो" असे म्हणायला जागाही तिनेच करून दिली.

२३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली. आता बोरिवली-मुलुंडमध्ये तयार रुखवत विकत किंवा भाड्याने मिळते, आणि 'पर्यावरणपूरक' म्हणून त्यात पुन्हा मसूर-मुगाचे थर दिसतात. भाड्याची बरणी एका लग्नातून दुसऱ्या लग्नात जाते, त्यामुळे तीतली डाळ कुणाच्याच कुकरात जात नाही.

हुंडाबंदी कायद्याखाली १९८५ मध्ये नियम झाले. भेटवस्तूंची यादी करावी, तीत प्रत्येक वस्तूचे थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहावे, असे ते सांगतात. या यादीत फ्रिज लिहिणे सोपे आहे. 'बरणी, मसुराची, एक' असे लिहून किमतीच्या रकान्यात काय भरणार? बाटली फुकटची, डाळ अर्धी, सुरळी रद्दीची. उरतात ते आई, आत्या, मावशी आणि शेजारणींचे दुपारचे तास, ज्यांचा भाव कुणीच लावलेला नाही. स्वस्त बरणी स्वस्त ठरली ती ते तास मोजले नाहीत म्हणून. रुखवताचा हिशोब पुन्हा मांडायचा झाला तर सुरुवात या रकान्यापासून करावी लागेल.