रुग्णालयांच्या तुलनेतील न्याय

एखाद्या रुग्णालयात किती रोगी दगावले, एवढ्यावरूनच त्याची योग्यता ठरविण्याचा मोह जुना आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८६३ साली आपल्या रुग्णालयविषयक ग्रंथात लंडनच्या चोवीस रुग्णालयांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ९०.८४ दिले. वर्षभराच्या ३,८२८ मृत्यूंस एप्रिल १८६१ मधील एके दिवशी तेथे असलेल्या ४,२१४ रोग्यांनी भागून हा आकडा काढला होता! वर्षभरात जे बरे होऊन घरी गेले, ते हिशेबात आलेच नाहीत. टीकाकारांनी हा दोष दाखविला. शिवाय जेथे कठीण रोगी अधिक येतात तेथे मृत्यूही अधिक व्हावयाचे, हेही बजावले.

अवयवरोपणाच्या विद्येने हा प्रश्न अधिकच बिकट केला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन ह्यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयरोपण केले, तेव्हा रोगी काही तासच जगला. आता वर्षे मोजावयाची असतात. आणि तेवढ्या अवधीत कित्येक रोगी तपासणीस येईनासे होतात. त्यांस जिवंत समजावे की मृत? कॅप्लन व मायर ह्या विद्वानांनी १९५८ साली तोड काढली, ती अशी की, रोगी जितके दिवस दृष्टीस होता तितके दिवस तो हिशेबात धरावा, पुढे गाळावा. १९७२ साली कॉक्स ह्यांनी वय, रोगाची तीव्रता इत्यादी कारणांचे वजन एकत्र मापण्याची रीत दिली. त्यायोगे अपेक्षित मृत्यू किती आणि प्रत्यक्ष किती, हे ताडून पाहता येते.

महाराष्ट्रात अवयवरोपणाच्या समन्वय समित्या मुंबई, पुणे, नागपूर व आमचे छत्रपती संभाजीनगर अशा चार ठिकाणी आहेत. त्यांच्या क्षेत्रांतील रुग्णालयांची तुलना कोणी करू लागल्यास वरील इतिहास विसरून चालणार नाही. कॅप्लन-मायर रीतीस एक अट आहे: जे दिसेनासे झाले त्यांची गत राहिलेल्यांसारखीच असली पाहिजे. परंतु दूरच्या खेड्यातील गरीब रोगी गाडीभाडे व औषधाचा खर्च न झेपल्यामुळे येत नसेल, तर त्याची गत निराळीच असणार. त्याचा शोध घेतल्यावाचून काढलेला आकडा रुग्णालयास उगाच यश देईल.

उलटपक्षी, रोग्याची अवस्था न पाहता नुसते मृत्यू मोजले, तर आकडा बिघडण्याच्या भीतीने कठीण रोग्यास दारातूनच परतविले जाईल. गणिताची ही सूक्ष्मता पंडितांची हौस नव्हे; त्या परतणाऱ्या माणसाचे प्राण तीवर अवलंबून आहेत, असे आम्हांस वाटते.