टिपणं : बंदुकीचं की जोशीबुवांचं?

भिगवणला उजनीच्या पाणफुगवट्यावर कुंभारगावच्या काठावरून होडी निघाली, तेव्हा नुकतंच फटफटलं होतं. मामा पुढे बसले होते. गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही. वीसेक हातांवर उथळ पाण्यात एक शेकाट्या उभा होता. काडीसारखे लांब गुलाबी पाय, सुईसारखी काळी चोच. एक पाऊल टाकायचा, थबकायचा आणि चोच पाण्यात घालून किडा टिपायचा. मी बटण दाबलं. वहीतून मान वर न करता मामांनी विचारलं, "टिपलास का रे?" त्या क्षणी जाणवलं, इथे तिघं टिपताहेत. पक्षी किडा टिपतोय, मी फोटो आणि मामा नोंद. कामं तीन, क्रियापद एक. मग फोटोला हे क्रियापद लाभलं कुणाकडून?

हौशी फोटोग्राफरांना विचारलं, तर उत्तर तयार असतं : शिकाऱ्याकडून. इंग्रजीत फोटो 'शूट' करतात, मराठीत शिकारी नेम धरून सावज टिपतो, तेच पुढे कॅमेऱ्याला चिकटलं. या मताला वजन आहे. 'स्नॅपशॉट' हा शब्द खरोखरच शिकारीतला. नीट नेम न धरता झटकन झाडलेल्या गोळीला इंग्रज शिकारी १९व्या शतकाच्या सुरुवातीपासून तसं म्हणत. १८६० साली जॉन हर्शेल यांनी तो क्षणार्धात घेतलेल्या फोटोसाठी वापरला. १८८२ साली एत्येन-ज्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने उडत्या पक्ष्यांचे फोटो घ्यायला चक्क बंदूक बनवली. खांद्याला दस्ता, नळीत भिंग, चाप ओढला की सेकंदाला १२ चित्रं. १८८८ साली कोडॅकचा पेटीकॅमेरा आला आणि हौशी माणूस घराबाहेर पडला. आपल्याकडे वनाधिकारी एफ. डब्ल्यू. चॅम्पियन यांनी जंगलवाटेवर तार ताणून वाघालाच स्वतःचा फोटो घ्यायला लावला. त्यांचं पुस्तक १९२७ सालचं. बंदुकीकडून कॅमेऱ्याकडे आलेली वाट अशी ठसठशीत आहे.

पण ही वाट इंग्रजीची आहे. मराठी शब्द त्याच वाटेने आला का, याची साक्ष व्याकरणाकडे मागावी. शिकारी बंदुकीनं टिपतो. फोटोग्राफर मात्र कॅमेऱ्यात टिपतो. एकाची तृतीया, दुसऱ्याची सप्तमी. बंदूक हे हत्यार आहे, कॅमेरा ही ठेवायची जागा. "त्यानं वाघ टिपला" एवढंच म्हटलं तर ऐकणाऱ्याला गोळी ऐकू येते. 'कॅमेऱ्यात' म्हटलं की वाघ जगतो. आणि मराठी माणूस नुसता वाघ टिपत नाही. तो क्षण टिपतो, नजर टिपतो, झेप टिपतो. शिकाऱ्याने क्षण टिपल्याचं मी कधी ऐकलेलं नाही.

दुसरा दावेदार टिपकागद. शाई शोषून घेणारा कागद आणि प्रकाश शोषून घेणारी फिल्म, ही जोडी मोहात पाडते. पण टिपकागद शाई टिपतो ती पुसण्यासाठी, पदराने डोळे टिपतात तेही पुसण्यासाठीच. फोटोचं काम नेमकं उलटं. हा दावा मी सोडून देतो.

तिसरी चोच. हिच्यावर माझा जीव आहे. कोंबडी फुफाट्यातून नेमका दाणा उचलते आणि बाकीचं सोडून देते. फोटोही तसाच असतो. पसाऱ्यातून एक उचलायचं. तरी चोचीने टिपलेलं पोटात जातं. उरत काही नाही.

उरतं ते मामांच्या वहीत. वहीत टिपतात, डायरीत टिपून ठेवतात. 'कॅमेऱ्यात' सारखीच सप्तमी आणि काम टिकवून ठेवण्याचं. फोटोचं टिपणं हे टिपणाचं भावंड आहे, असं माझं ठाम मत आहे. टिपण म्हणजे नोंद. आणि मराठीत टिपणाचा एक जुना अर्थ आहे, जो आता लग्नाच्या बोलण्यांतूनही मागे पडत चालला आहे : जन्मपत्रिका. पूर्वी मुलीचं टिपण मागवत, टिपण जुळलं की पुढचं बोलणं. बाळ जन्मलं की घरचं कुणीतरी वेळ धरून ठेवायचं. जोशीबुवा त्या घटकेला, पळाला आकाशात कोणता ग्रह कुठे होता ते मांडायचे. घटका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं. पुन्हा न येणारा एक क्षण आणि त्या क्षणीची आकाशाची स्थिती चौकोनात बंद केलेली! कॅमेरा याहून वेगळं काय करतो? क्षण टिपायची सवय या भाषेला आधीपासून होती. कॅमेरा आला तेव्हा शब्द त्याची वाटच पाहत होता.

कुणी म्हणेल, मग 'फोटो काढणं' का रूढ झालं? ते चित्रकाराचं देणं. चित्र काढतात, रांगोळी काढतात, तसा फोटो. हिंदीत तो खींचतात, रेघ खींचतात तसा. गुजराती माणूस तो पाडतो. 'काढणं' सांगतं, चित्र कसं झालं. 'टिपणं' सांगतं, काय वाचलं. म्हणूनच पासपोर्टचा फोटो आपण काढतो, टिपत नाही.

आणि चोच? पक्ष्याचं टिपणं आणि नोंदीचं टिपणं मुळात एकच असावं, असं मला वाटतं. बोलण्यातून नेमके दाणे वेचणारा तो टिपण घेणारा. संस्कृतातली टिप्पणीही ग्रंथातला अडलेला शब्दच उचलते. या धाग्याने शेकाट्यासुद्धा आमच्याच घराण्यातला.

घरी आल्यावर फोटो संगणकावर उघडला. कॅमेऱ्याने चित्रासोबत तारीख, तास, मिनिट आणि सेकंद आपणहून लिहून ठेवला होता. मामांची वही शेजारी ठेवली : "शेकाट्या, एकटा. ६ वाजून ५२ मिनिटं. पाणी घोट्याइतकं. वारा नाही." फोटोवरची वेळही ६ वाजून ५२ मिनिटं. दोन्ही टिपणं जुळली होती.